जावईबापूंचा ओटीपी

टायपिंगच्या वर्गाला कुलूप लावून बरीच वर्षं झाली, पण मोताळ्यात मी अजून मॅडमच आहे. कुणाला फॉर्म भरायचा असो की फोटो लहान करायचा असो, माणसं माझ्याच ओट्यावर येतात. मी कागदावर पायऱ्या लिहून देते, लाल शाईत आकडे घालून. पहिली पायरी 'हात धुणे' ही असते, कारण लोक शेतातून थेट येतात आणि कीबोर्ड माझा असतो.

त्या दिवशी बाजारात वांगी विकणारी बाई धाकट्या मुलीला घेऊन आली. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म, शेवटचा दिवस, पाच वाजता साईट बंद. गेल्या साली एक कागद कमी पडून पोरीचं वर्ष वाया गेलं होतं. यंदा हुकलं तर स्थळं बघतो, असं बापाने सांगून टाकलं होतं. पोरगी नखं खात बसली होती.

फॉर्म झरझर भरला. शेवटी आधारचा ओटीपी मागितला.

"मोबाईल बघ गं," मी म्हटलं.

"तो नंबर आमचा नाई मॅडम," आई म्हणाली. "जावयाचा हाय. आधार काढलं तवा घरात त्याच्याच जवळ फोन होता. साऱ्यायच्या आधारले त्याचाच नंबर."

"मग लावा त्यांना फोन."

"उचलत नाई तो. रुसला हाय. धोंड्याच्या महिन्यापासून."

माझं डोकं फिरलं. चार वाजले होते. जावयाला काय रुसायला मुहूर्त लागतो? पण धोंड्याचा महिना म्हणताच मला सगळं आठवलं. तीन वर्षांनी येणारा तो महिना, जावयाला मानाने बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. घरच्या माणसाने जाऊन, कुंकू लावून आमंत्रण द्यायचं. सासऱ्याचे गुडघे दुखत होते, जावयाच्या गावी लोणारपर्यंत एसटीने कोण जाणार? म्हणून मीच या बाईला मोबाईलवर आमंत्रणपत्रिका बनवायच्या पायऱ्या लिहून दिल्या होत्या. त्यात सहावी पायरी होती, 'सगळे निवडा'. बाईने इमानेइतबारे सगळे निवडले. जावयाच्या मानाच्या जेवणाचं आमंत्रण तिच्या फोनमधल्या प्रत्येकाला गेलं. बियाणं विकणारा कृषी केंद्रवाला तर वेळेवर येऊन चार धोंडे हाणून गेला. जावई आलाच नाही.

मी माझ्या फोनवरून लावला. अनोळखी नंबर म्हणून त्याने उचलला. मी सगळा गुन्हा कबूल केला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझी पायरी चुकली म्हणून सांगत होते, आणि तेही लोणारच्या जावयाला.

"मॅडम, तुम्ही काऊन माफी मांगता?" तो म्हणाला. "पण मी अन् कृषी केंद्रवाला एकाच पंगतीत? मामीनं तोंडानं बोलावलं असतं तं मी पायी आलो असतो."

मी फोन बाईच्या हातात दिला. तिने आधी डोक्यावर पदर घेतला, जसा काही तो समोरच उभा आहे, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जावईबापू, चुकलं आमचं. दिवाळीले या. धोंडे तवाच करतो."

तिकडून तो आकडे वाचायला लागला. पण हा रुसवा निघेपर्यंत तो ओटीपी शिळा झाला होता. दुसरा मागवला. पाचला सात मिनिटं कमी असताना फॉर्म गेला. पोरगी ढसाढसा रडली. मला रडणारी माणसं आवडत नाहीत, म्हणून मी चहा ठेवायला आत गेले.

चहा देताना म्हटलं, "आता एक काम करा. येत्या बाजाराच्या दिवशी आधार केंद्रावर जाऊन साऱ्यांच्या आधारला तुमचा स्वतःचा नंबर लावून टाकू. परत हा तमाशा नको. पायऱ्या लिहून देते."

बाई बशीतला चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, "नाई मॅडम. राहू द्या त्याचाच. आकडे सांगाले तो फोन करते, तवा त्याच्या मांगून माही मोठी पोरगी बोलते. काय केलं, जेवले का, इचारते. नंबर आपला झाला तं त्यायले कायचं काम राहीन?"

मी पेन खाली ठेवलं.

माझा मुलगा पुण्यात असतो. जायच्या आधी मी त्याला एकूण एक गोष्ट शिकवली होती, बँकेपासून गॅसच्या नोंदणीपर्यंत. त्याचा नंबर त्याच्याकडे, माझा माझ्याकडे. त्याला मला काहीच विचारावं लागत नाही.