शफीभाईचे दोन व्याही

आमच्या नेकनूरच्या शफीभाईएवढा अदबीचा माणूस मी दुसरा पाह्यला न्हाई. बीडला इंजिनिअरिंग कॉलेजात मास्तर हाय. कुणाच्याबी दारात "आधी तुमी, आधी तुमी" करीत उभा राहतो. मग मीच चिडून आधी घुसतो.

दोन हजार सोळाच्या दुष्काळात आमची मोसंबीवाल्यांची पाणी सोसायटी पार घायकुतीला आली. मी बिभीषण, सेक्रेटरी, म्हणून सगळ्या शिव्या मला. सामाईक विहिरींचं पाणी पावसापर्यंत पुरंल का, झाडं जगतील का, हे सोमवारच्या बैठकीत सांगायचं होतं. शफीभाईकडं कॉम्प्युटरवर दोन प्रोग्रॅम होते. एक जमिनीतल्या पाण्याचा, दुसरा झाडाचा. पाणीवाला म्हणायचा, पुरतंय. कारण झाड रोज तेवढंच पितं असं त्यानं धरलेलं. झाडवाला म्हणायचा, जगतंय. कारण त्याच्या लेखी विहीर आटतच न्हाई. दोघंबी शाने, अन् दोघंबी खोटे.

"यांची सोयरीक लावावी लागंल," शफीभाई म्हणाला. आजच्या उन्हात झाड किती प्यालं हे झाडवाल्यानं सांगायचं, विहिरीत किती उरलं हे पाणीवाल्यानं. दोघांचं जुळलं की मग पुढचा दिवस.

लावली सोयरीक. शनिवार गेला, रविवारची दुपार झाली, पडदा ढिम्म. मी खवळलो, "आरं बाबा, मुहूर्त बघायलेत का काय?"

शफीभाईनं तपासलं अन् कपाळावर हात मारला. समोरच्याचा आकडा आल्याशिवाय तोंड उघडायचं न्हाई, असं त्यानं दोघांनाबी शिकवलं होतं. दोन व्याही पंगतीत ताटावर बसून "आधी तुमी" करायलेत, अन् भात गार! मालकाचा गुण प्रोग्रॅमात उतरला, दुसरं काय.

मग त्यानं झाडवाल्याला कालच्या आकड्यावर अंदाजानं सुरुवात करायला लावली. चुकलं तर पुढच्या फेरीत सुधारंल म्हणाला. संध्याकाळी उत्तर आलं, अन् माझं हसू पळालं. सगळ्यांनी यंदाचा बहार, म्हंजे धरलेली कच्ची फळं, तोडून टाकला तर झाडं जगतील. फळं ठेवली तर निम्म्या बागा वाळणार. माझी झाडं बारा वर्षांची हो.

बैठकीत शफीभाईनं हे सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग अर्जुनराव म्हणाले, "बद्रीनाथनं तोडू द्या, मग आमी." बद्रीनाथ म्हणाला, "आधी सेक्रेटरीनं." मी एकट्यानं तोडायचं अन् यांच्या फळांनी पाणी प्यायचं? मीबी वही मिटून ठेवली.

शफीभाई उठून गेला. मला वाटलं, रागावला. तासाभरानं त्याची अम्मी, रहेमतबी, टोपलं घेऊन आली. सोसायटीत त्यांचीबी उणीपुरी दहा झाडं. तिनं सुपारीएवढी हिरवी मोसंबी चटईवर ओतली. "हमारे तोड डाले. अब तुमारा क्या, वो बोलो."

मागं शफीभाई उभा, हातांवर काट्यांचे ओरखडे. लई लाज वाटली मला. मी चप्पल घातली, दाराशी आलो. "चला," शफीभाई म्हणाला, अन् आधी तोच भायेर पडला. त्याच्यामागं मी, माझ्यामागं बद्रीनाथ, अर्जुनराव, सगळेच.

माझी झाडं अजून उभी हायत. शफीभाईचं दारातलं "आधी तुमी" परत सुरू झालंय. मी आता चिडत न्हाई.