बेंबीतून दिसलेलं हृदय

“मॅडम, बाळ लपलंय की मीच त्याला लपवलंय?” टेबलावर आडव्या झालेल्या मंगलाताईंनी विचारलं.

त्या शहरातल्याच अंबरपेठेहून आल्या होत्या. पाचवा महिना. आधीच्या सोनोग्राफी सेंटरने रिपोर्टात लिहिलं होतं, ‘आईच्या लठ्ठपणामुळे बाळाचं हृदय नीट दिसत नाही.’ तेवढं वाचून ताईंनी आठवडाभर भात सोडला होता.

आमच्या राज्याची दोन राज्यं होण्याची ती वर्षं. ताई सरकारी नोकरीत, त्यामुळे वाटणीत आपण कुठल्या राज्यात जाणार हेही त्यांना ठाऊक नव्हतं. इकडे आमचं हॉस्पिटल नव्या मॅनेजमेंटने घेतलं होतं आणि सोनोग्राफीची मिनिटं ठरवून दिली होती.

प्रोब म्हणजे पोटावर फिरवायचं ते यंत्र. त्यातून आवाजाच्या लहरी जातात. चरबीचा थर जाड असला की त्या वाटेतच दमतात आणि पडद्यावर धुकं येतं. मी खोलवर पोचणारा प्रोब लावला. धुकं जरा विरळ झालं, पण बाळ आमच्याकडे पाठ करून बसलेलं. पाठीच्या कण्याची सावली नेमकी हृदयावर.

“ताई, कॉरिडॉरमध्ये फिरून या. काहीतरी खाऊन या. बाळ वळेल कदाचित.”

“खाऊ? खरंच?” त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच हसू आलं.

तेवढ्यात नव्या मॅनेजमेंटच्या डायरेक्टरसाहेबांनी दारातून डोकं आत घातलं. “डॉक्टरसाब, एक पेशंट को इत्ता टाइम कायकू?”

“सर, आज अर्धवट सोडलं तर त्या परत येतील. पुन्हा तोच टेबल, तेवढाच वेळ.”

“हौ, वो तो है,” म्हणून ते गेले. पटलं की भूक लागली होती, कळलं नाही.

ताई उस्मानिया बिस्किटांचा चुरा पदरावर घेऊन परतल्या. त्यांना डाव्या कुशीवर वळवलं. पोटाची घडी त्यांनीच दोन्ही हातांनी वर धरली. तिच्याखाली थर पातळ असतो. तिथून मेंदू आणि मूत्रपिंडं छान दिसली. हृदय राहिलं. मग त्यांना पुन्हा उताणं केलं.

“आता बेंबीत जेल भरते. गार लागेल.”

“बेंबीत? मॅडम, मस्करी करताय?”

“नाही. तिथे चरबी सगळ्यात कमी. आमची खिडकी आहे ती.”

त्या खदखदून हसल्या. पोट हललं, पडदा हलला आणि बाळही वळलं. बेंबीतून हृदयाचे चारही कप्पे दिसले. एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्याही दिसल्या. या आडव्या-तिडव्या असतात तेच बरोबर असतं.

“ठीक आहे का?”

“जेवढं दिसायला हवं तेवढं दिसलं, आणि ते चांगलं आहे.”

ताईंनी डोळे पुसायला हात नेला तर बोटांना जेल लागलेलं. मी टिश्यू पुढे केला.

पुढच्या महिन्यापासून साहेबांनी अशा पेशंटना दुप्पट वेळ दिला. कारण माणुसकी नव्हे. त्याने परत-परत येणाऱ्यांची गर्दी कमी होत होती, एवढंच. मला कारणाशी काय करायचंय?

नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगते. पडद्यावर धुकं आलं तर आधी प्रोब हलवा. पेशंटचं वजन त्या दुपारी तरी कमी होणार नसतं.