धुतलेली पूड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. वर्गात दरवर्षी हाच विषय शिकवते, तिथेही एवढा भाग बरोबर वगळते. मग तुम्हालाच का? तुम्ही नसरीनला ओळखत नाही — म्हणून असेल.

पण आधी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसाबद्दल बोलू द्या. लग्नाचा दिवस नव्हे, लेकीच्या जन्माचाही नव्हे — लेकीने वाचलं तर रुसेल, रुसू दे. त्या दिवशी विद्यापीठातून आमच्या नमुन्यांचे आलेख आले, आणि ते पाहून मी जालन्याच्या आमच्या कॉलेजच्या जिन्यात भर दुपारी एकटीच नाचले. खरंच नाचले. शिपाई खालून बघत होता. बघ म्हटलं.

काय होतं त्यात एवढं? आमच्याकडे कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात, लोक त्या पेटवून देतात. आमच्या सरांच्या मनात होतं, की त्या बंद भट्टीत हवा लागू न देता तापवाव्यात आणि त्यांचा कोळसा मातीत घालावा. त्यासाठी पऱ्हाट्यांतला सेल्युलोज तापल्यावर कसा मोडतो हे कळायला हवं; आणि कापूस म्हणजे जवळजवळ नुसता सेल्युलोजच. त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना घट्ट धरून ओळीत बसलेल्या असतात. बरीच उष्णता चढेपर्यंत त्या दाद देत नाहीत, आणि मोडल्या की बहुतेक वाफ होऊन निघून जातात. कोळसा उरतो थोडा. पण कापूस दळून दळून त्या ओळीच विस्कटून टाकल्या तर? तर तो लवकर मोडतो आणि कोळसा जास्त देतो. पुस्तकात हे होतं. आम्हाला ते स्वतः करून बघायचं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि नसरीन. दोघी एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो, एकाच डब्यात जेवत होतो. असं दळायला लोखंडी गोळ्यांची चक्की लागते, ती कॉलेजात नव्हती. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात होती आणि तिथे नसरीनचे मामू कामाला होते. सुट्टीच्या दिवशी ती जायची, दिवसभर त्या खडखडाटाशेजारी बसायची. संध्याकाळी टेम्पोतून उतरली की तिच्याशी ओरडूनच बोलावं लागे.

पूड तिने माझ्या हातात दिली. मऊ होती, पण करडी — गोळ्यांचं लोखंड उतरलेलं. सरांसमोर अशी मळकट पूड न्यायची? मला कसंसंच झालं. मग कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात ना, अगदी तसं केलं. थोडी बाटलीत ठेवून बाकीची पाण्यात कालवली, निवळू दिली, वरचं काळपट पाणी ओतून दिलं, पुन्हा पाणी घातलं. गच्चीत आईच्या जुन्या साडीवर वाळवली. पांढरीशुभ्र झाली हो! नसरीनला सांगितलंही नाही. धुतली, त्यात सांगायचं काय?

पूड तापवून बघायला विद्यापीठात पाठवली, आणि ती कितीवर मोडते याचा आलेख आला. दळलेल्या कापसाची रेषा न दळलेल्या कापसाच्या रेषेला जवळजवळ चिकटली होती. सरांनी एकच अर्थ काढला — नसरीनने दळलंच नाही. ती उभी राहून म्हणाली, "सर, मी बराबर दळल्ता. दिवसभर तिथंच बसल्ते." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, मी तिथे नव्हते.

खरं होतं की नाही? अगदी खरं. धुतल्याचं तेव्हा जिभेवर आलं होतं — आणि मी ते गिळलं. सरांनी तिला काम थांबवायला सांगितलं. ती परत कॉलेजात आली नाही.

ती गेल्यावर मला चैन पडेना. बाटलीतली पूड काढली, निम्मी भिजवून वाळवली, निम्मी कोरडीच ठेवली, दोन्ही विद्यापीठात पाठवल्या. आणि मग तो दिवस! कोरडी पूड लवकर मोडली होती, कोळसा भरपूर. भिजवलेली पुन्हा कापसासारखी ताठ. पाणी लागताच विस्कटलेल्या साखळ्या परत ओळीत येऊन बसल्या होत्या — नुसत्या पाण्याने! ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, मी शोधलं होतं, आणि जिन्यात मी नाचत होते.

नसरीन खरी होती, हेही त्याच रेषा सांगत होत्या. मला ते दिसलं नाही का? दिसलं. जिना संपायच्या आत दिसलं. वर जाऊन मी सरांना म्हणाले, ही पूड मी स्वतः दळून आणली.

सरांनी पाठ थोपटली. शोधनिबंध छापून आला, परिषदेत लोक उभे राहिले, नोकरी लागली. त्या आनंदात कुठे खडा लागला असेल असं तुम्हाला वाटत असेल. नाही लागला. आजही फळ्यावर त्या दोन रेषा काढताना माझा हात हलका होतो, आवाज चढतो, छाती भरून येते. मी जिंकले होते. अजूनही जिंकल्यासारखंच वाटतं.

यंदा उन्हाळ्यात अंबडला एका लग्नात नसरीन भेटली. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. मला बघून धावत आली, गळ्यात पडली. माझं नाव पेपरात आलं की मुलांना दाखवते म्हणाली. मग ताट हातात घेऊन शेजारी बसली आणि हळूच विचारलं, "सुषमा, त्या पुडीचं काय झाल्तं गं? तुला कळलं का कधी?"

मी म्हणाले, नाही.

"मंग माझंच काही चुकलं असंल," म्हणाली.

मी म्हणाले, असेल.