आगाशे अंपायर आणि तीन उन्हाळ्यांची लीग

कोणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा दत्ता आगाशे यांचा मूळ स्वभाव होता की अंपायरिंगमुळे लागलेली सवय, हे त्यांच्या बायकोलाही कधी नक्की सांगता आलं नाही. पुण्यात टेलिफोन खात्यात नोकरी आणि शनिवार-रविवारी क्लबांच्या क्रिकेट मॅचेसमध्ये अंपायरिंग, असं त्यांचं आयुष्य गेलं. क्रिकेटमध्ये बॅट्समन ढळढळीत आउट असला तरी समोरच्यांनी अपील केल्याशिवाय अंपायर बोट वर करत नाही. आगाशे घरातही त्याच नियमाने राहायचे. भूक लागली तरी सांगणार नाहीत, डोकं दुखलं तरी सांगणार नाहीत. मालविकाबाई बिचाऱ्या दिवसभर अपील करत राहायच्या. चहा टाकू का, बरं वाटत नाहीये का, अहो, लग्नाला जायचंय की नाही. विचारलं की मात्र खरं उत्तर मिळायचं, आणि तेवढ्यावर दोघांचा संसार छान चालला होता.

मालविकाबाई गेल्या आणि विचारणारं कोणी उरलं नाही. मुलगा उत्कर्ष जर्मनीत, एर्लांगेनला, एका मोठ्या इलेक्ट्रिकल कंपनीत. तो दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा आणि म्हणायचा, ‘बाबा, सगळं ठीक ना?’ आता या प्रश्नाला ‘ठीक’ याशिवाय दुसरं काय उत्तर देणार? आगाशे ‘ठीक’ म्हणायचे, दोघांनाही हायसं वाटायचं आणि कॉल संपायचा. शेवटी सुनेने, नंदिनीने, ठरवलं की बाबांनी उन्हाळ्याचे तीन महिने तरी एर्लांगेनला यायचं. व्हिसा तेवढ्याचाच मिळत होता.

आगाशे आनंदाने गेले, आणि आनंदाचं कारण होतं नात. अन्वी तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती लहान असताना दोनदा पुण्याला येऊन गेली होती, तेव्हा आजोबांच्या मांडीवरून उतरत नव्हती. आता ती उंच झाली होती आणि दिवसभर कानात इअरफोन घालून असायची. मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. आजोबांनी विचारलं, ‘शाळा कशी चाललीये?’ तर ‘पास्ट शोन’. चाललंय बरं, असा त्याचा अर्थ असल्याचं नंदिनीने सांगितलं. आगाशेंनी मनात म्हटलं, ही तर माझ्याच ‘ठीक’ची जर्मन बहीण. त्यांना या मुलीशी एकदा नीट बोलायचं होतं. तिने काहीतरी विचारावं, आपण सांगावं, बस. पण तिला काय विचारायला लावणार, आणि कसं?

वाट निघाली ती भलतीकडूनच. अन्वीच्या शाळेतले खेळाचे निवृत्त मास्तर, हेर (म्हणजे तिकडचे श्रीयुत) ल्योफ्लर, यांना लहानपणी बेसबॉलचं वेड लागलं होतं. तेव्हा शहरात अमेरिकन सैन्याची छावणी होती, आणि कुंपणाबाहेरच्या पोरांना सैनिक जुने ग्लोव्हज देऊन टाकायचे. सैनिक गेले, छावणी गेली, मास्तरांचं वेड तेवढं राहिलं. करोना ओसरल्यावर त्यांनी आसपासच्या चार गावांचे संघ जमवले, एर्लांगेन, फोर्खहाइम, बायर्सडॉर्फ आणि होख्श्टाट. पोरंपोरी एकत्र, सोळाला टेकलेल्यांपासून पन्नाशीच्या बाप्यांपर्यंत. नदीकाठच्या कुरणात गवत कापून मैदान केलं आणि नदीच्याच नावावरून नाव ठेवलं, रेग्निट्झ लीग. मोठ्या संघटनेने दखल घेतली नाही. मास्तर म्हणाले, ‘चांगलं झालं, नियम आपले आपण करू.’ मैदानात करकोचे उतरले तर ते उडेपर्यंत खेळ थांबवायचा, हा त्यातला पहिला नियम.

दुसरा नियम असा की यजमान संघाने अंपायर द्यायचा. अन्वी संघात होती, म्हणून मास्तर घरी विचारायला आले. नंदिनी अभिमानाने म्हणाली, ‘आमच्या बाबांनी तीस वर्षं अंपायरिंग केलंय.’ कुठल्या खेळाचं, हे सांगायचं राहून गेलं. मास्तरांनी आगाशेंना नियमांचं इंग्रजी पुस्तक दिलं, त्यांनी ते चार दिवसांत पाठ केलं, आणि रविवारी ते पांढरा कोट नाही म्हणून पांढरा शर्ट घालून मैदानात गेले.

लीग साधीसुधी होती, त्यामुळे एकच अंपायर आणि तो पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, मागे उभा. ही जागा आगाशेंना ओळखीची होती, त्यामुळे त्यांना आल्या आल्या घरच्यासारखं वाटलं, आणि तिथेच घोटाळा झाला. पिचरने झकास चेंडू टाकला. आगाशे गप्प. पिचरने वळून पाहिलं. आगाशेंनीही त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. दुसरा चेंडू, तिसरा चेंडू, सगळे खेळाडू त्यांच्या तोंडाकडे बघतायत आणि आगाशे कोणी विचारेल याची वाट पाहतायत. सहा चेंडू झाले तसे ते ‘ओव्हर’ म्हणाले आणि सवयीने चालत मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहिले.

बायर्सडॉर्फचे शेतकरी गवतावर बसून हसले. हेर ल्योफ्लर धावत आले. ‘हेर आगाशे, चेंडू चांगला की वाईट, तुम्ही बोलायला हवं.’

‘पण कोणी अपील केलं नाही,’ आगाशे इंग्रजीत म्हणाले.

‘इथे करत नाहीत. इथे अंपायर न विचारता बोलतो. प्रत्येक चेंडूला. मोठ्याने.’

आगाशेंना हे पुस्तकात वाचलेलं आठवत होतं, पण वाचणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. त्यांनी घसा खाकरला आणि पुढच्या चेंडूला ‘स्ट्राइक’, म्हणजे चेंडू चांगला, असं ओरडले. आवाज इतका बारीक आला की करकोचासुद्धा हलला नसता. तिसऱ्या डावापर्यंत मात्र घसा मोकळा झाला, आणि मॅच संपताना त्यांचा आवाज नदीपलीकडच्या सायकलवाटेवर ऐकू जात होता. घरी जाताना अन्वी गाडीत हसत होती. पण ती आजोबांकडे बघून हसत होती, आणि तेवढ्यावर आगाशे पुढचे नऊ महिने पुण्यात खूश होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात ते बायर्सडॉर्फवाल्यांचेही लाडके झाले. ती माणसं क्रेन पिकवतात, म्हणजे मोहरीसारखा थेट नाकात जाणारा जर्मन मुळा. आगाशेंनी तो चमचाभर खाऊन डोळ्यांतून टिपूस न काढल्यामुळे त्यांना कायमचा मान मिळाला. अन्वी आता संघातली सगळ्यात वेगवान धावणारी होती. आजोबा आणि नात रविवारी बरोबर मैदानात जायचे, बरोबर यायचे. बोलणं मात्र अजून खेळापुरतंच, आणि तेही जर्मन-मराठीच्या खिचडीत. ‘आजोबा, दास वार आउस?’ ‘नाही, आउट नव्हता.’ ‘गेनाऊ,’ म्हणजे बरोबर, की पुन्हा इअरफोन.

तिसऱ्या उन्हाळ्यात लीग आजारी पडली. फोर्खहाइमची पोरं फुटबॉलकडे गेली. होख्श्टाटला नऊ जण जमेनात. मास्तर फोन करून करून थकले. शेवटी ऑगस्टमध्ये ठरलं की एर्लांगेन आणि बायर्सडॉर्फ यांची एक मॅच खेळायची आणि लीगला निरोप द्यायचा. त्याच ऑक्टोबरमध्ये अन्वी शिकायला ब्राउनश्वाइगला जाणार होती. तिकडे गेल्यावर सुट्ट्या, मित्र-मैत्रिणी, नवं आयुष्य. आगाशेंना नीट कळत होतं की मॅच संपली की ही रविवारची वाटही संपणार, आणि आपण जे बोलायला तीन वर्षं इथे येतोय ते अजून बोललोच नाही. त्यांना वाईट वाटत होतं, आणि अर्थातच त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

मॅच मोठी रंगली. शेवटच्या डावात बरोबरी झाली होती. अन्वी दुसऱ्या बेसवर उभी होती. बेस म्हणजे जमिनीवर ठोकलेली पांढरी उशी, आणि धावताना प्रत्येक उशीला पाय लागलाच पाहिजे. एर्लांगेनच्या बेकरीवाल्याने चेंडू लांब टोलवला आणि अन्वी सुटली. सगळ्यांचे डोळे चेंडूवर. आगाशेंचे डोळे, जिथे अंपायरचे असायला हवेत तिथे, तिच्या पायांवर. तिने तिसऱ्या बेसला वळण घेतलं आणि तिचा पाय उशीच्या आतल्या बाजूला, वीतभर अलीकडे पडला. उशीला लागला नाही. ती तशीच पुढे घरच्या प्लेटवर, म्हणजे धाव पुरी होते त्या जागी, पोचली, आणि एर्लांगेन जिंकलं.

आता बेसबॉल हा न विचारता बोलण्याचा खेळ खरा, पण त्यात एक अपवाद आहे, आणि आगाशेंना पुस्तकातलं तेवढं पान फार आवडलं होतं. धावणाऱ्याचा बेस चुकला तर अंपायरने ब्र काढायचा नाही. समोरच्या संघाने अपील केलं तरच आउट द्यायचं. आगाशे थांबले. त्यांनी बायर्सडॉर्फच्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. विचारा, असं अंपायरला वाटत होतं, आणि देवा, कोणी विचारू नये, असं आजोबाला. कोणी विचारलं नाही. माणसं टोप्या काढून एकमेकांचे हात हातात घेऊ लागली. हेर ल्योफ्लर दोन वाक्यं बोलले आणि तिसऱ्याला त्यांना रडू आलं. बायर्सडॉर्फवाल्यांनी सगळ्यांना क्रेनच्या बरण्या वाटल्या. रेग्निट्झ लीग संपली.

उत्कर्ष आणि नंदिनी गाडीने पुढे गेले. अन्वी सायकल हातात धरून आजोबांबरोबर कुरणातून चालत निघाली. आज इअरफोन नव्हते. थोडं पुढे गेल्यावर तिने मराठीत विचारलं, शब्द जोडत जोडत, ‘आजोबा, माझा पाय लागला होता का? थर्डला?’

आगाशे थांबले. ‘नाही.’

‘मला वाटलंच.’ तिचा चेहरा पडला. ‘आल्झो... म्हणजे, मी त्यांना सांगू आता?’

‘सांग, मनाला बरं वाटेल. पण निकाल बदलणार नाही. मैदान सोडायच्या आत अपील करायचं असतं.’

‘तू बघितलंस?’

‘बघितलं.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘मला कोणी विचारलं नाही.’

अन्वीने सायकल झाडाला टेकवली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. ती आधी जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली, मग डोकं हलवून पुन्हा मराठीत आली. ‘तुला कोणीच काही विचारत नाही ना? बाबा पण नाही. मी पण नाही.’

आगाशेंनी घसरणारी सायकल झाडाला नीट टेकवली.

‘आता मी विचारते,’ ती म्हणाली. ‘पुण्यात तू जेवतोस कोणाबरोबर?’

‘ठीक’ हा शब्द सवयीने ओठांवर आला होता. पण प्रश्न तसा नव्हता. अपील स्वच्छ होतं, आणि अशा अपिलाला आगाशेंनी आयुष्यात कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं.

‘एकटाच जेवतो,’ ते म्हणाले. ‘आणि मला ते अजिबात आवडत नाही, अन्वी. तुझी आजी गेल्यापासून एक दिवस आवडलेलं नाही.’

अन्वीचे डोळे भरले. आगाशेंचे तर आधीच भरले होते. तिने त्यांचा हात धरला, लहानपणी पुण्यात रस्ता ओलांडताना धरायची तसा घट्ट. आगाशेंना वाटलं, एवढं बोललोच आहोत तर उरलेलंही बोलून टाकावं. तीस वर्षं अंपायर असलेल्या या माणसाने जन्मात पहिल्यांदा स्वतः अपील केलं.

‘ब्राउनश्वाइगला गेलीस की मला फोन कर,’ ते म्हणाले. ‘रोज नको. पण कर.’

‘फोनवर काय बोलू? माझं मराठी असं.’

‘जेवलास का, एवढं विचार.’

‘आणि तू ठीक म्हणालास तर?’

‘तर पुन्हा विचार,’ आगाशे म्हणाले.