आत्याचं नाक आणि व्हॅनिलाची बरणी

आमच्या आत्यापुढं तोंड उघडायची चोरी होती. बोलायला ती भरपूर वाव द्यायची. पण तोंड उघडलं की आपण सकाळपासून काय काय खाल्लं, हे तिला कळायचं. मी परभणीहून पिंगळीला तिच्याकडं जायचो तो डॉक्टरांचं पथ्य सोबत घेऊन. वाटेत स्टेशनाजवळ भजी व्हायची, त्यावर दोन चुळा, चिमूटभर बडीशेप आणि एकदम साळसूद चेहरा. आत्या ओसरीवर ज्वारी निवडत बसलेली असायची. मान वरसुद्धा न करता म्हणायची, "गुरुजी, भज्याचं तेल आजचं न्हाई, कालचं व्हतं. दुसऱ्या गाड्यावर खात जा." पथ्य मोडल्याबद्दल एक अक्षर नाही. तक्रार फक्त तेलाबद्दल. मी शाळेत नोकरीला लागलो त्या दिवसापासून सख्ख्या भाच्याला ती गुरुजीच म्हणायची, आणि त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

शेजारच्या घरी डाळ करपायच्या आधी आत्याची हाक जायची, "अगं, लागायलीय बग!" दुकानातून आणलेल्या शेंगदाण्यात एक खवट दाणा असला तरी पुडी परत. आत्याच्या मुलासाठी, अनंतासाठी मनीषाला बघायला गेलो तेव्हा मुलीला चाल, बोल, वाच असलं काही तिनं सांगितलं नाही. चहा घेतला, स्वयंपाकघराच्या दारात जरा वेळ उभी राहिली आणि परत येताना गाडीत जाहीर केलं, "पोरगी करायची. त्यांच्या घरात तूप करपत न्हाई." अनंताचं लग्न अशा रीतीनं तुपावर ठरलं आणि चांगलं टिकलं. मी मात्र पत्रिका, गुण, नाडी सगळं बघून लग्न केलं. आमच्याकडं तूप अजून करपतं.

या नाकाला धार लागली ती काही हौसेनं नव्हे. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, स्वभावानं गरीब माणूस, पण दारूनं त्यांना धरलं ते सोडलंच नाही. संध्याकाळी घरी येताना ते कधी लवंग चघळायचे, कधी वेलदोडा, कधी पेरूची पानं. आत्या दारातच म्हणायची, "लवंगीच्या मागं काय हाय ते कळतंय मला. जेवून घ्या." ओरडली नाही, रडली नाही, निदान आमच्यासमोर नाही. अनंता शाळेत असतानाच मामा गेले. त्यानंतर दारूचा वास त्या घराच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा ती आधी हुंगायची. मध्ये साथीच्या काळात सगळं जग हातांना सॅनिटायझर चोळत होतं, तेव्हा आत्यानं ती बाटली फाटकाच्या खिळ्याला टांगून ठेवली होती. "साबण काय मेलाय का? भाईरून येताना लावा आन् वास भाईरच ठेवून या."

अनंता मोठा झाला, परभणीत पंपांच्या जळालेल्या मोटारी बांधून द्यायचं काम करायला लागला. संध्याकाळी घरी आला की आत्या पाण्याचा तांब्या घेऊन दारात. तो घटाघटा पाणी प्यायचा, दोन शब्द बोलायचा, तेवढ्यात तिची तपासणी उरकायची. मोटारीच्या वार्निशचा, तांब्याच्या तारेचा, घामाचा वास, आणि त्यामागं दुसरं काही नाही. मग तिचा चेहरा सैल पडायचा. बापाचं पोरात उतरलं तर? एवढी एकच भीती त्या बाईनं आयुष्यभर बाळगली. बाकी कशालाही ती भीत नव्हती, माझ्या बायकोलासुद्धा नाही.

अशा घरात व्हॅनिलानं प्रवेश केला तो मनीषाच्या केकमधून. मोबाइलवर बघून बघून ती केक शिकली. पहिले काही केक विटेच्या जातीचे झाले, ते मी खाल्ले. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. पुढं हात बसला. पिंगळीत कुणाचाही वाढदिवस असो, केक मनीषाचा. आत्या सुनेच्या कौतुकात कमी पडणारी नव्हती, पण इसेन्सची बाटली उघडली की ओसरीवरून आवाज यायचा, "मनीषे, ते उदबत्तीचं पाणी टाकू नगं गं त्यात!"

"आई, त्याच्याबिगर केकला वास येत न्हाई."

"हा वास नाकात जातोय, पोटात न्हाई उतरत. खोटा हाय."

आता खोटा म्हटल्यावर खरा शोधणं आलं. मनीषाचा भाऊ फौजेत. सुट्टीवर येताना त्यानं केरळातून व्हॅनिलाच्या शेंगा आणल्या. काळ्या, सुरकुतलेल्या, तेलकट. वाळलेली चवळीची शेंग चिखलात पडावी तशा. मला काही विशेष वाटलं नाही. आत्यानं एक शेंग हातात घेतली, नखानं जराशी चिरली आणि नाकाशी नेली. डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, "ह्याच्यात समदं हाय रे गुरुजी. गूळ हाय, लाकूड हाय, दुधावरली साय हाय. असला वास देवानं आपल्याकडं कामून न्हाई दिला?" त्या दिवशी एक शेंग दुधात उकळून झाली. खीर अशी झाली की मी पथ्याचं नाव काढलं नाही. पण दूध टिकत नाही, आणि मनीषाला बाटलीत भरून ठेवता येईल असा अर्क हवा होता. तिनं मोबाइलवर कृती शोधली, वाचली आणि मोबाइल पालथा ठेवला.

"काय झालं गं?"

"काय न्हाई आई. शेंगा भिजत घालायच्या असतात. पाण्यात न्हाई." मनीषानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. शेवटी तीच बोलली, "दारूत. तिला वोडका मनतात."

आत्यानं शेंग पुन्हा हुंगली, खाली ठेवली, परत उचलली. तिच्या नाकातच दोन बायका भांडत होत्या म्हणा ना. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: आणा, पण बरणी माझ्या खोलीत, किल्ली माझ्या पदराला, आणि अनंताला आणायला सांगायचं नाही. म्हणजे कुणाला सांगायचं, हे उघडच होतं.

मी हेल्मेट घालून दुकानात गेलो. काच खाली, आवाज जाड. दुकानदार म्हणाला, "सर, हेल्मेट काढा, उकडत असंल. आमची पोरगी तुमच्याच वर्गात हाय." मी काढलं. म्हटलं, "वोडका हवीय, केकसाठी. बिनवासाची द्या." तो अगदी मायेनं म्हणाला, "फिकर नका करू सर. समदे गुरुजी तीच मागतात." केकचं त्यानं काहीच ऐकलं नसल्यासारखं केलं, त्यातही त्याचा चांगुलपणाच होता.

आत्यानं ती बाटली घरात राहू दिली नाही. नाकावर पदर घट्ट दाबून तिनं लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत ती उपडी केली, मनीषानं चिरलेल्या शेंगा सोडल्या, आणि रिकामी बाटली माझ्या डब्याच्या पिशवीत आली. "ही बला तूच ने." घरी बायकोनं पिशवी उघडली, तेव्हा मी तिला व्हॅनिला समजावून सांगत होतो आणि ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेचं वर्णन मी इथं करणार नाही.

मनीषा म्हणाली, झाकण घट्ट लावायचं. आत्या म्हणाली, "मुरणाऱ्या जिनसाला श्वास लागतोय. लोणचं मी काय आज घालायलेय?" आणि तिनं बरणीच्या तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा आपल्या हातानं बांधला. तिच्या लोणच्याला आमच्या सगळ्या खानदानात तोड नव्हती, त्यामुळं वाद संपला. बरणी ज्वारीच्या कोठीमागं गेली, खोलीला कुलूप लागलं.

उन्हाळा चढत गेला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे कूलरलाही घाम फुटावा. आत्या अधूनमधून नाकावर पदर धरून दादरा सोडायची, डोकावायची, पुन्हा बांधायची. आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं की, आधी बुडालेल्या शेंगांचे शेंडे वर दिसायला लागलेत. पुढच्या खेपेला अजून वर. कुणीतरी पीत होतं.

तिनं कुणाला काही विचारलं नाही. किल्ली पदराची सोडून गळ्यातल्या दोऱ्यात घातली, खाट खोलीच्या दाराशी ओढून घेतली, जेवण कमी केलं. संध्याकाळी तांब्या घेऊन दारात यायची तशीच यायची, पण आता अनंताचं पाणी पिऊन झालं तरी हलायची नाही. वार्निश, तार, घाम. त्यामागं काही नाही. तरी तिचा चेहरा सैल पडेना, कारण खोलीत वास यायला लागला होता. हा वास तिनं बारा गावं ओलांडून ओळखला असता. मला बाजूला घेऊन म्हणाली, "गुरुजी, खरं सांग. तू पितोस का?"

"आत्या, अगं मी!"

"तू असशील तर लय बरं व्हईल रे." तिनं माझा हात धरला होता. "तू मन, हो मन. मी काय बी बोलनार न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडून दारुडेपणाची इतकी आशा ठेवली होती आणि मला ती पुरी करता आली नाही.

मग अनंता चुडाव्याकडं कुणाच्या तरी मोटारी बांधायला गेला. काम मोठं, मुक्काम तिथंच. आत्यानं बरणीवर नवा दादरा बांधला, गाठ तिच्या स्वतःच्या पद्धतीची, दुसऱ्याला सुटली तरी पुन्हा तशी बांधता येणार नाही अशी. तो परत यायच्या दिवशी रविवार होता, मी तिथंच होतो. तिनं मला आणि मनीषाला खोलीत नेलं. "माज्याच्यानं एकटीनं बगवंना," म्हणाली. कुलूप जागच्या जागी, गाठ जशीच्या तशी. नाकावर पदर धरून तिनं दादरा सोडला. शेंगा जवळजवळ उघड्या पडल्या होत्या, तळाशी काळपट दाट रस तेवढा उरला होता.

आत्या तशीच उभी राहिली. घरात अनंता नव्हता, कुलूप मोडलं नव्हतं, गाठ सुटली नव्हती. तिनं हळूहळू पदर खाली घेतला. इतके दिवस त्या बरणीपाशी ती नाक झाकूनच येत होती. ज्या वासानं तिचा संसार खाल्ला, तो तिला जवळून सोसवत नव्हता. आता तिनं हातातलं फडकं नाकाशी नेलं. एकदा हुंगलं, उलटं करून पुन्हा हुंगलं, आणि मटकन ज्वारीच्या पोत्यावर बसली.

"दादराच पितोय गं मनीषे! उन्हानं उडून चाललीय समदी. मीच उघडी ठेवलीय, मीच!" आणि ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. मनीषा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मी उगाचच बरणी उचलून पुन्हा खाली ठेवली.

संध्याकाळी अनंता आला. आत्या त्या दिवशी तांब्या घेऊन दारात गेली नाही, खाटेवरच बसून होती. तो चपला काढून थेट तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"बस," ती म्हणाली. "अनंता, मी तुज्यावर संशय घेतला."

"मला म्हाईत हाय, माय."

"आजचं न्हाई मनत मी. रोज घेत व्हते."

"ते बी म्हाईत हाय. शाळेत व्हतो तवापासून." तो मान खाली घालून पायाचं बोट चोळत होता. "मनून तर आल्या आल्या तुज्याजवळ येतो. पाणी मी तिकडंच पिऊन निघतो."

आत्याच्या नाकातून सुटला असा वास मी तरी आयुष्यात पाहिला नव्हता. पण हा मुलगा इतकी वर्षं तहान नसताना पाणी पीत होता, हे तिला कळलं नव्हतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "उद्या परभणीहून येताना दुसरी बाटली तूच आण."

"मी न्हाई जात त्या दुकानात. गुरुजींना सांग, त्यांची वळख हाय."

"तूच जा. मी सांगतेय मनून जा."

तो गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली त्यानं आणली, ती तान्ह्या पोराला धरावं तशी दोन्ही हातांत धरून. आत्या म्हणाली, "मला नगं देऊ. तुज्याच हातानं भर, तुज्याच कपाटात ठेव." या वेळी काचेची बरणी, फिरकीचं घट्ट झाकण. दिवाळीच्या सुमारास आत्यानं झाकण उघडायला लावलं, पदर न धरता वाकली, आणि म्हणाली, "झालं. आता केक कर." त्या केकबद्दल मी एवढंच सांगतो की, माझी बायको दुसऱ्यांदा मागायला स्वतः उठली, आणि परत येताना रिकाम्या बाटलीचा विषय तिनं कायमचा मिटवला.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. दुखणं लांबलं नाही. मनीषाचा भाऊ अजून शेंगा आणतो, बरणी अनंताच्याच कपाटात असते. परवा गेलो तेव्हा मनीषा म्हणाली, "भाऊजी, मुरलं का बगा बरं." मी वाकलो, हुंगलं. छान वाटलं, पण पुरतं झालं का, ते काही मला सांगता येईना. मग मनीषा वाकली. मग अनंता. तिघांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं.

शेवटी अनंतानं झाकण फिरवून घट्ट केलं. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अजून थोडं."