टॉवेलाखालचा खलनायक

मी शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. कामथडीला घर, दारात स्वतःच्या कमाईचा टेम्पो. उरल्या वेळात गोष्टी लिहितो. गोष्टीला खलनायक लागतो, आणि तो मला कधी शोधावा लागला नाही.

पहिला केला मिशीवाला, दारुडा. बायकोनं वाचून कागद परत दिला. "ह्यो तुमचा बाजारातला जोडीदारच की. मिशी तेवढी चिकटवलीया."

दुसरा केला गोडबोल्या जमीनदलाल. चहा बशीत ओतून आधी समोरच्याला देणारा. ती हसली. "ह्यो बी त्योच. त्येच्याबिगर दुसरा दुष्ट भेटलाच न्हाई व्हय तुमास्नी?"

मी कागद हिसकावून घेतला.

जोडीदार म्हणजे वेल्ह्याकडच्या डोंगरवस्तीवरचा धनगर, वर्षानुवर्षं मेंढरं मलाच विकणारा. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगायचा नसतो. टॉवेलाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून बोलायचं. भोवतीच्यांना पत्ता लागत नाही. घासाघीस करून मी भल्याभल्यांना रडवलंय. पण त्याचं बोट दाबलं की तो नख रुतवायचा.

"आरं, लाज हाय का?" मी विचारायचो.

"व्हती की. मागल्या बाजारी तूच न्हेलीस सस्त्यात."

रीत अशी, की कळप विकायला काढायचा तर आधी जोडीदाराच्या टॉवेलाखाली हात घालायचा. पण एका बाजारी त्यानं सगळा कळप विकला तो दुसऱ्याच व्यापाऱ्याच्या टॉवेलाखाली. मी तिथंच उभा होतो. मला साधं विचारलं नाही. मी भर बाजारात तोंड सोडलं. तो मान खाली घालून निघून गेला. पुन्हा आला नाही.

तिसऱ्या गोष्टीत मी त्याला मिशी लावली नाही, त्याचा धंदाही बदलला नाही. आहे तसा उभा केला. मिशीवाला दुष्ट वाचणारा चार ओळींत विसरतो; स्वतःच्या मते बरोबरच वागणारा दुष्ट मात्र जिव्हारी लागतो, एवढं मला लिहून लिहून कळलंय. म्हणजे त्याला कारण द्यायला हवं. लोभाचं दिलं, खोडलं. भीतीचं दिलं, खोडलं. एकही त्याच्या तोंडी शोभेना.

"इचारा की जाऊन," बायको म्हणाली. "मार्गासनीच्या म्होरली त्येच्या वस्तीची वाट ठावी हाय तुमास्नी."

"त्यानं यावं."

गोष्ट तिथंच अडली आहे. हल्ली मी सौदे तोंडानंच उरकतो. टॉवेल मात्र दर बाजाराला खांद्यावर असतो, धुतलेला. घाम पुसायलाही कुणाला देत नाही.