फाटक्या पडद्यावरचं दौंड यार्ड

बाळांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, आजोबांचा आगगाडीचा खेळ अजून चालतो का?" मी खुशाल "हो" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी लावून पाहिला तर चालेना. म्हणून लगेच लिहून ठेवते आहे. पुढे हे निस्तरायची वेळ तुमच्यावर आली, तर हाताशी असावं.

आजोबा रेल्वेत होते. आम्ही दौंडच्या क्वार्टरमध्ये राहत असताना तुमच्या आईसाठी त्यांनी घरच्या संगणकावर हा खेळ लिहिला. पुण्याहून मनमाडकडे निघालेली गाडी दौंडला उलट्या दिशेनं निघते, म्हणून तिचं इंजिन तिथे सोडवायचं आणि दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचं, एवढंच. तो संगणक केव्हाच भंगारात गेला, फ्लॉपीला बुरशी लागली. उरली ती माझ्या लॅपटॉपवरची एकुलती एक प्रत. लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स आहे, आणि खेळ एम्युलेटरमध्ये चालतो, म्हणजे जुन्या संगणकाचं सोंग घेणाऱ्या प्रोग्राममध्ये.

उघडला तर यार्ड आडव्या पट्ट्यांत फाटलेलं. इंजिनाचं तोंड एका रुळावर, धड दुसऱ्यावर.

शिरूरच्या या मळ्यात काहीही बिघडलं की दोष विजेचा. शेतीची थ्री फेज वीज आली की शिवारातल्या विहिरींवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातले दिवे पिवळे पडतात. पूर्वी टीव्हीवरचं चित्रसुद्धा आक्रसायचं. माझे धाकटे दीर चहाला आले होते. त्यांनी डोकावून निदान केलं.

"वहिनी, मोटारी चालू झाल्यात. व्होल्टेज कुठं उरतंय? लाइट जाऊ द्या, मंग बघा."

माझाही हात आधी स्टॅबिलायझरकडेच गेला होता. मोटारी बंद होईपर्यंत थांबले. पट्ट्या तशाच. मग चार्जर काढला. बॅटरीवरही तशाच.

"आता काय म्हणता, भाऊजी? बॅटरीवर कुणाची मोटार चालते?"

"मंग फॉरमॅट मारा. मोबाईल अडला की मी त्येच करतो."

"तुमच्या मोबाईलमध्ये गुड मॉर्निंगशिवाय जायला आहे काय?"

ते हसले. मला हसू येईना. ती प्रतच खराब झाली असेल, तर आजोबांचं काम कायमचं गेलं होतं.

आधी ती जशी होती तशी पेनड्राइव्हवर उतरवली. मग आठवलं, शनिवारी लिनक्स अपडेट केलं होतं, आणि त्यात ग्राफिक्स ड्रायव्हरही बदलला होता. पडद्यावर चित्र उमटवण्याचं काम त्याचं. एम्युलेटर स्वतःचा फोटो काढू शकतो, चित्र ड्रायव्हरच्या हाती जाण्याआधीचा. तो काढून उघडला. फलाट, सिग्नल, इंजिन, सगळं स्वच्छ. म्हणजे खेळ धड होता. बिघाड पडद्यापर्यंतच्या वाटेवर होता.

एम्युलेटरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'आउटपुट' अशी एक ओळ असते. तिथे ओपनजीएल होतं, मी सरफेस केलं. मग चित्र ग्राफिक्स कार्डाची फारशी मदत न घेता, साध्या मार्गानं येतं. एम्युलेटर बंद करून पुन्हा सुरू केला. इंजिन सुटलं, डुलत डुलत दुसऱ्या टोकाला गेलं आणि डब्यांना लागलं.

"बघा, आलं का न्हाई व्होल्टेज!" दीर म्हणाले.

शिट्टी जरा चिरकी वाजते. बाकी आजोबांचा खेळ शाबूत आहे. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर.